कुलूपरावांकडचा माझा नंबर

पावसाने गाठलं तेव्हा मी मुलाखतीला निघाले होते आणि छत्री घरी दारामागे लटकत होती. निघताना आई दोनदा म्हणाली होती, "छत्री घे," आणि मी दोनदा "हो" म्हटलं होतं. आता त्या न घेतलेल्या छत्रीचे उपकार मानते, पण त्या दिवशी स्वतःवर चडफडत एका बंद दुकानाच्या पत्र्याखाली धावले. तिथे आधीच एक जण उभा होता. पत्रा जेमतेम दीड माणसाचा, आणि हा गृहस्थ स्वतः पावसात भिजत कोरडी जागा आपल्या पिशवीला देत होता.

"सोनं आहे का त्यात?" मी विचारलं. गप्प बसणं मला कधी जमलेलं नाही.

"कागद आहेत," तो म्हणाला. चष्म्यावरून पाणी ओघळत होतं, त्यामुळे तो माझ्याकडे बघतोय की शेजारच्या खांबाकडे, ते काही कळेना.

"भिजले तर काय होईल?"

"काही नाही. नाहीतरी त्यांचा लगदाच करायला नेतोय. पण वाटेत पिशवी फाटली तर... रस्ताभर होतील ना."

त्याने बोलायला आणि वारा सुटायला एकच गाठ पडली. पिशवीतून एक कागद उडाला आणि माझ्या पायाशी येऊन पडला. मी उचलला.

"वाचू नका हं," तो इतक्या काकुळतीने म्हणाला की मला हसूच आलं. काय मनात आलं कोण जाणे, मी डोळे घट्ट मिटले आणि हात पुढे केला. कागद माझ्या बोटांतून हळूच निघाला.

"बघा, एक अक्षर वाचलं नाही," मी मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले.

"आभारी आहे," तो म्हणाला. मग पिशवीचं तोंड बांधल्याची खसखस ऐकू आली. "आता... उघडलेत तरी चालतील."

मी उघडले. तो चष्मा काढून पुसत होता, आणि हसत होता.

माझी मुलाखत खोके छापणाऱ्या कंपनीत होती. साबणाचे, औषधांचे, बुटांचे खोके. गिऱ्हाईक जो रंग दाखवेल, नेमकी त्याच रंगाची शाई तयार करायची, हे माझं काम. टेबलापलीकडे मालकीणबाई बसल्या होत्या, शेजारी मशीनवाले काका, आणि कडेच्या खुर्चीत, पावसामुळे अर्ध्या वाटेतून परतून, तीच पिशवी पायाशी घेऊन ओल्या शर्टाने बसलेला तो. नोकरीला असलेल्या आणि नोकरी मागायला आलेल्या सगळ्यांची माहिती सांभाळण्याचं काम त्याच्याकडे होतं. त्याने मला ओळखलं, आणि न ओळखल्यासारखं करण्याचा प्रयत्न केला. तो त्याला साफ जमला नाही.

काकांनी तीन निळे रंग पुढे ठेवले, त्यातला वेगळा मी लगेच काढून दाखवला. सगळं सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात मालकीणबाईंनी विचारलं, "लग्नाचं काय ठरलंय?"

माझ्या तोंडचं पाणी पळालं.

"बाई, तो प्रश्न आपण काढून टाकलाय," कडेच्या खुर्चीतून आवाज आला.

"अरे, मी सहज विचारलं."

"हो बाई. पण सहज विचारलेलंही कुणीतरी लिहून ठेवतं." मग माझ्याकडे वळून, "तुम्ही उत्तर देऊ नका."

मालकीणबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, कपाळाला हात लावला आणि पगाराचं बोलायला लागल्या. मी मात्र मनातल्या मनात त्या ओल्या शर्टाला नमस्कार केला.

का, ते सांगते. मला फिट येते. गोळ्या वेळेवर घेते म्हणून आता क्वचितच, पण येते. आधीच्या ऑफिसात माझा डॉक्टरी तपासणीचा अहवाल कुणाच्या तरी टेबलावर दिवसभर उघडा पडला, आणि दुसऱ्या दिवसापासून लोक माझ्या हातातली कात्री काढून घ्यायला लागले. मला चहा अर्धाच कप मिळायला लागला, सांडू नये म्हणून. तेही मी गिळलं असतं. पण त्याच सुमाराला एक स्थळ आलं होतं, माणसं बरी वाटत होती, आणि पुढच्या भेटीत आपणच सगळं सांगायचं असं आमचं घरात ठरलं होतं. आमच्याआधी आमची बातमी पोचली. ऑफिसातली एक बाई मुलाच्या मावशीच्या ओळखीची निघाली. मावशींनी फोनवर आईला विचारलं, "लपवायचं कशाला होतं?" आईने फोन ठेवला आणि किती तरी वेळ ओटाच पुसत राहिली. मी नोकरी सोडली.

म्हणून, निवड झाल्यावर त्याने जेव्हा सांगितलं, "डॉक्टरांकडे तपासणी होईल, पण ते आम्हाला फक्त कामापुरतं कळवतात," तेव्हा मी या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं. आधीच्या ठिकाणीही असंच म्हणाले होते.

कामावर त्याला सगळे 'कुलूप' म्हणत. मी त्यात 'राव' जोडलं. कुणाचा पत्ता विचारा, कुलूप. कुणाचा पगार विचारा, कुलूप. कारखान्यात वाढदिवसाची नावं फळ्यावर लावायची पद्धत होती, तर हा प्रत्येकाच्या मशीनपाशी जाऊन विचारून येई, "लावू का?" मी नको म्हटलं. आणि वाढदिवस आला तशी उगाच हुरहूर लागली. दुपारी मुद्दाम त्याच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिले.

"कुलूपराव, आज काय आहे, माहीत आहे का?"

"कंपनीला माहीत आहे," तो म्हणाला. "मला नाही."

"म्हणजे काय? कंपनीचं डोकं वेगळं आणि तुमचं वेगळं?"

"वेगळं ठेवावं लागतं. तुम्ही सांगितलंत तर मला कळेल."

"आणि कळलं तर?"

"तर... शुभेच्छा देईन म्हणतो."

"मग सांगते. आज माझा वाढदिवस."

"अरे वा," तो म्हणाला, जणू खरोखरच आत्ता कळलं. त्याचे कान लाल झाले होते. असा लाल मी आजवर कुठल्याही डब्यात तयार करू शकलेले नाही.

त्याच्या या वेडाचं मूळ मला काकांनी सांगितलं. पूर्वी ज्यांची निवड झाली नाही त्यांचे अर्ज चुरगळून नमुन्याच्या खोक्यांत भरायचे, खोका दबू नये म्हणून. कागद आयताच मिळायचा, कुणाला त्यात काही वावगं वाटायचं नाही. अशाच एका खोक्यातून त्याच्या धाकट्या बहिणीचा अर्ज, फोटो आणि फोन नंबरासकट, एका बुटांच्या दुकानात पोचला. दुकानातला कुणीतरी तिला सारखे फोन करायला लागला. पोरीने नंबर बदलला, मग अर्ज करणंच सोडलं. "हा तेव्हा पॅकिंगला होता," काका म्हणाले. "सरळ बाईंकडे गेला आणि म्हणाला, हे काम मला द्या. तेव्हापासून जुने अर्ज स्वतः उराशी धरून घेऊन जातो आणि लगदा होईपर्यंत तिथून हलत नाही. बहीण आता शिकवण्या घेते, बरं चाललंय तिचं."

त्या दिवशी मी शाईत किती पांढरा घातला, माझं मलाच कळलं नाही.

मग एकदा मला ताप आला. सगळ्यांचे फोन आले. काकांचा आला, मालकीणबाईंचा आला, पॅकिंगमधल्या मैत्रिणीचा तर रोज यायचा. कुलूपरावांचा नाही. नंबर त्याच्या कपाटात, त्याच्याच किल्लीखाली, आणि हा ढिम्म. बरी होऊन गेले तेव्हा मी त्याच्याशी बोलले नाही. तो आमच्या शाईच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला, "बरं वाटतंय का?" म्हणाला, मी "हो" म्हटलं आणि शाई ढवळत बसले.

तशातच पावसाचं पाणी आमच्या खोलीत शिरलं आणि रंगांचे नमुने माळ्यावर हलवले. सकाळी माळ्याला शिडी लागलेली होती. दुपारी मशीनमध्ये शाई भरून आले तर नमुने खाली, माझ्या टेबलाशेजारी नव्या फळीवर, आणि शिडी गायब.

"कुलूपने सांगितलं," काका म्हणाले. "रंगवालीला शिडीवर चढवायचं नाही म्हणाला."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. म्हणजे याला माहीत होतं. पहिल्यापासून माहीत होतं. ते दारात येऊन चौकशा करणं, ते लाल कान, सगळं... दया होती. अर्धा कप चहाच, फक्त जरा गोड करून दिलेला. मी हातही न पुसता त्याच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

"तुम्हाला माझी कीव येते ना?"

तो उठून उभा राहिला. "कीव?"

"शिडी कुणी काढली?"

"मी. डॉक्टरांनी लिहिलं होतं, उंचावर चढायचं काम देऊ नये. तेवढंच लिहिलं होतं. लगेच काढायला हवी होती, मला दुपारी कळलं... चुकलंच माझं."

"आणि का देऊ नये, ते?"

"ते नाही लिहिलेलं. मी त्यांना लिहू देत नाही."

"तुम्ही विचारलं नाहीत?"

"नाही." तो घुटमळला. "मला वाटलं... गुडघा दुखत असेल."

मी खुर्चीत बसले. या माणसाने इतके महिने माझ्या गुडघ्याची काळजी केली होती. मी जिन्यावरून हळू उतरायचे तेव्हा तो खाली का थांबून राहायचा, ते आता कळलं, आणि मी तर मोबाईलमध्ये बघत उतरायचे म्हणून हळू असायचे. मला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. त्याला काही माहीत नव्हतं. माझ्यापाशी येऊन उभा राहणारा हा माणूस फक्त माझ्यापाशी येऊन उभा राहत होता.

उठून निघून जाता आलं असतं. "हो, गुडघाच," म्हणता आलं असतं, आणि त्याने ते जन्मभर खरं मानलं असतं. दाराच्या कडीवर हात गेलासुद्धा. पण आजवर माझी गोष्ट दरवेळी दुसऱ्याच कुणीतरी सांगून टाकली होती. ती आज पहिल्यांदा माझ्या हातात होती, जशीच्या तशी, कुणाचं बोट न लागलेली.

"गुडघा धडधाकट आहे माझा," मी म्हणाले. "मला फिट येते."

आणि सांगितलं. आधीचं ऑफिस, ती कात्री, ते स्थळ, आईचा ओटा. तो मध्ये एकदाही "अरेरे" म्हणाला नाही. माझं संपलं तेव्हा बाहेर मशीन थांबलं होतं आणि पत्र्यावर पाऊस वाजत होता. आता तोंड फिरवेल, किंवा नको तितका हळुवार होईल, असं वाटून मी त्याच्याकडे बघितलंच नाही.

"आली, तर शेजारच्याने काय करायचं असतं?" त्याने विचारलं.

हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता.

"कुशीवर वळवायचं. तोंडात काही घालायचं नाही. धरून ठेवायचं नाही. थांबेपर्यंत शेजारी बसून राहायचं, आणि लांबली तर डॉक्टरांना बोलवायचं."

"कुशीवर. तोंडात काही नाही. धरायचं नाही." तो पाठ केल्यासारखं पुटपुटला. मग चष्मा काढला, पुसला, परत लावला. "बसून राहायचं... ते मला जमेल. म्हणजे, कायमचं म्हटलंत तरी जमेल. तुमची हरकत नसेल तर."

मी शाईने माखलेले हात बघत राहिले. माझे कानही लाल झाले असणार.

"मग ताप आला तेव्हा फोन का नाही केलात?"

"नंबर नव्हता."

"तुमच्या कपाटात आहे की."

"तो तुम्ही पगारासाठी दिलाय. माझ्यासाठी नाही." आणि अगदी हळू, "मागायचं धाडस होत नव्हतं. त्याआधी रोज शाईच्या खोलीच्या दारापर्यंत येऊन परत जात होतो."

त्या क्षणी मला त्याचे आभार मानायचे होते. मुलाखतीतल्या त्या उत्तराबद्दल, न विचारलेल्या प्रश्नांबद्दल, न केलेल्या फोनबद्दलसुद्धा. "खूप उपकार केलेत माझ्यावर," एवढंच म्हणू शकले.

"मी काहीच केलं नाही," तो म्हणाला.

"तेच तर." मी डोळे पुसले. गालाला निळी शाई लागली असावी, कारण तो एकदम हसला. "काढा तुमचा फोन. माझी हरकत नाही. कशालाच नाही."

त्याने फोन काढला. मी नंबर सांगितला, एक एक आकडा, सावकाश. त्याने तो मला परत वाचून दाखवला, तर शेवटचे दोन आकडे उलटे.

"चुकलात," मी म्हणाले. "जाऊ द्या, कपाटातून बघून घ्या."

कपाट त्याच्या पाठीशीच होतं, किल्ली खिशात होती. त्याने मान हलवली.

"नको," तो म्हणाला. "तुम्ही पुन्हा सांगा."

मी पुन्हा सांगितला.