मावशीची बोटं पांढरी का झाली?

"बेटावर उद्या जाऊ," नाकाडी म्हणाली. "आज वहीवाल्याला होडीत बसवलं तर परत येऊन होडी धुवावी लागेल."

वहीवाला नदीच्या पायरीवर पोट धरून बसला होता. चेहरा दुधी भोपळ्यासारखा फिका पडला होता. "धुवायची वेळ येणार नाही," तो म्हणाला. "पोटात काही उरलंच नाही. सकाळपासून नऊ वेळा. लिहून ठेवलंय."

तो सगळंच लिहून ठेवायचा, म्हणूनच त्याला हे नाव पडलं होतं. नाकाडीचं नाव तिच्या नाकावरून. तिच्या आईची बेकरी होती आणि भट्टीत पाव करपायच्या आधीच ही पोरगी दुसऱ्या खोलीतून ओरडायची, "आई, खालची ओळ!" पण असं नाक म्हणजे सुख नव्हे. रविवारच्या बाजारानंतर अर्ध्या गावाचं पोट बिघडलं होतं. गल्लीगल्लीतून असा दर्प येत होता की दोन दिवस ती ओढणी नाकावर बांधूनच फिरत होती.

तेवढ्यात तिसरा गडी आला, दुभाष्या. गावात चार आळ्या आणि चार भाषा. वरच्या आळीत पाववाले, मधे गवळी आणि लोणचेवाले, अगदी काठाला मासेमार. प्रत्येक आळीचं बोलणं वेगळं, जेवण वेगळं, आणि दुसऱ्याच्या जेवणाला नावं ठेवायची पद्धत मात्र एकच. दुभाष्याला चारही भाषा येत होत्या. तो चारहींत भांडायचाही.

त्याने एक कागद नाकाडीच्या मांडीवर टाकला. बाजार समितीची नोटीस होती. रविवारी मासळी खाल्ल्याने गाव आजारी पडलं असून, दुर्गंधीबद्दल साक्षही मिळाली आहे. सबब मासळीवालीने गुरुवारपासून आपली पायरी सोडावी.

मासळीवाली म्हणजे दुभाष्याची आजी. सगळं गाव तिला मावशी म्हणायचं. चाळीस वर्षं ती त्याच पायरीवर बसून मासळी विकत होती आणि बाजाराच्या दिवशी तव्यावर भाजूनही देत होती. घर तिच्या टोपलीवर चालत होतं.

"साक्ष कुणाची?" नाकाडीने विचारलं.

"तुझी."

नाकाडीला आठवलं. काल समितीचे अध्यक्ष बेकरीत पाव घ्यायला आले होते. 'तुझं नाक गावात प्रसिद्ध आहे. रविवारी बाजारात कुठे वास येत होता का गं?' असं त्यांनी विचारलं होतं. आणि ती पाव मोजता मोजता म्हणाली होती, 'शी, मासळीवाल्या मावशीकडे. तिथे तर नेहमीच येतो.'

"मी खोटं नाही बोलले," ती पुटपुटली. "वास येतोच."

"येतो ना. मासळीला मासळीचा वास येतो." दुभाष्या खालच्या पायरीवर बसला. "तुमच्या भट्टीमागे आंबवलेल्या पिठाचं पिंप असतं, माहितीय? आजीला त्या वासाने मळमळतं. तुमच्या दारावरून जाताना ती पदर नाकाला लावते. पण ती कधी अध्यक्षांना सांगायला गेली नाही."

नाकाडीचे कान तापले. आपल्या घराचा कुणाला वास येत असेल, हे तिच्या मनातही आलं नव्हतं. ते पीठ तर तिला आईच्या हातासारखं वाटायचं.

"मी आत्ता जाऊन सांगते, चुकलं म्हणून."

"सांग. ते म्हणतील मैत्रीखातर शब्द फिरवला. मग विचारतील, मासळीने नाही तर कशाने?"

"मासळीने नक्की नाही," वहीवाला मधेच म्हणाला. "आमच्या घरात मासळी येतही नाही. मी खाल्ली नाही. तरी नऊ वेळा." मग त्याचे डोळे गोल झाले, तो उठला आणि झुडपांकडे धावत सुटला. "दहा!" असा आवाज तिकडून आला.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. भांडण तिथेच राहिलं.

मग पुढचे दोन तास या तिघांनी जे काम केलं, ते कुणी पैसे देऊन सांगितलं असतं तरी नाकाडीने केलं नसतं. घरोघर जायचं आणि आजाऱ्यांना विचारायचं, रविवारी बाजारात काय काय पोटात गेलं? दुभाष्या ज्या त्या आळीच्या भाषेत विचारी, वहीवाला दारातून लिहून घेई आणि नाकाडी श्वास रोखून उभी राही. एका गवळ्याच्या आईने तर "बघ बाळा, काय पडतंय ते," म्हणत बादलीच पुढे केली. नाकाडीने पाहिलं आणि दिवसभर तिला ताक नकोसं झालं.

शेवटी वहीवाल्याने हिशेब मांडला. आजारी घरं एकतीस. मासळी खाल्लेली बारा. लोणचं चाखलेली नऊ. आणि लिंबाचं सरबत प्यालेली?

"एकतीस," तो म्हणाला. "आणि मासेमारांच्या आळीत सगळ्यांनी मासळी खाल्ली, पण आजारी दोनच पोरं. दोघांनीही सरबत ढोसलं होतं."

सरबतवाल्या काकांनी हे ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "अरे, लिंबं ताजी, पाणी मी स्वतः उकळून गार करतो. डॉक्टरबाईंनी सांगितल्यापासून एक दिवस चुकलो नाही. हुंगून बघ तूच."

नाकाडीने माठ हुंगला, लिंबं हुंगली, साखरेचा डबा हुंगला. सगळं स्वच्छ. कोपऱ्यात गोणपाटाखाली बर्फाची अर्धी लादी उरली होती. तीही हुंगली. काहीच नाही.

"तो बर्फाच्या कारखान्यातला आहे," काका म्हणाले. "पांढराशुभ्र."

ती निघणार होती, पण थांबली. थंड पिठाला कधी वास येत नाही. भट्टीजवळ नेलं की येतो. थंडीत वास झोपलेला असतो, उठल्याशिवाय नाकाला कळणार कसा? तिने बर्फाचे खडे धुऊन एका पेल्यात घातले आणि पेला उन्हात ठेवला.

अर्ध्या तासाने ती पेल्यावर वाकली आणि दोन पावलं मागे कोलमडली. गटार नदीला मिळतं तिथे चिखलात पाय रुतल्यावर येतो ना, तसाच वास होता. पाणी गढूळ होतं. वर शेवाळाचा बुळबुळीत धागा तरंगत होता, तळाशी काळी माती बसली होती आणि तिच्यात कुठल्याशा किड्याची तंगडी होती.

"हे मी प्यालो," वहीवाला हळूच म्हणाला. "दोन ग्लास." आणि तो अकराव्यांदा गेला.

काका मोडक्या स्टुलावर बसले. एवढ्यात नाकाडीला पेल्याच्या कडेला काहीतरी चमकताना दिसलं. माशाचा खवला.

दुभाष्याचा चेहरा उतरला. "आता म्हणतील आजीच्या टोपलीतलाच."

"चल, तिलाच दाखवू," नाकाडी म्हणाली.

मावशी पायरीवर टोपली पुसत बसली होती. समोर गिऱ्हाईक एकही नव्हतं. नाकाडीला पाहून तिने तोंड फिरवलं नाही, पण बस असंही म्हणाली नाही. पेल्यातला खवला मात्र तिने निरखून पाहिला.

"हा बर्फावर होता की बर्फाच्या पोटात?"

"पोटात. खडे धुऊनच घातले होते."

"मग माझ्या टोपलीतला कसा असेल? माझा असता तर वरून चिकटला असता. हा पाणी गोठतानाच आत होता. नदीचं पाणी आहे हे."

ती बोलत होती आणि नाकाडी तिच्या हातांकडे पाहत होती. काहीतरी चुकत होतं. लहानपणापासून तिला या बोटांची भीती वाटायची. निळी बोटं, नखांच्या कडा गडद. आज ती बोटं धुतलेल्या मुळ्यासारखी पांढरी होती.

"मावशी, तुमची बोटं पांढरी का झाली?"

मावशीने हात पालथे करून पाहिले. "अगं हो. आठ दिवस झाले, बर्फच पांढरा येतोय. कारखान्यात दोन हौद आहेत. एकात गाळलेलं पाणी, तो बर्फ खायचा. दुसऱ्यात थेट नदीचं, तो नुसता मासळी झाकायला. मासळी नंतर धुतो, विस्तवावर भाजतो, म्हणून चालतं. पण तो कुणी चुकून खाऊ नये म्हणून त्यात निळा रंग टाकायचा, हा नियम आहे. तोच माझ्या हाताला लागायचा." ती थांबली. तिच्याही डोक्यात उजेड पडला. "रंगच नाही, तर लाद्या ओळखायच्या कशा?"

तिघं तिथूनच कारखान्याकडे पळाले.

मॅनेजर पांढरे बूट घालून अंगणात उभे होते. मागची भिंत नव्याने पिवळी रंगवली होती. "निळा रंग?" ते हसले. "बंद केलाय. भिंतीवर निळे ओघळ यायचे. पुढच्या महिन्यात मोठे साहेब पाहणीला यायचेत. आणि रंग हवाय कशाला? आमच्या माणसांना नुसत्या नजरेने कळतं कुठली लादी कुठली."

तेवढ्यात हातगाडीवाल्याने आतून विचारलं, "साहेब, गोणपाटाखालच्या यातल्या कुठल्या घेऊ?"

"घे रे कुठल्याही, गाडी खोळंबलीये."

वहीवाला भराभर लिहीत होता. मॅनेजरनी ते पाहिलं, वही हिसकावली, पान टरकन फाडलं, चुरगाळून हौदात टाकलं आणि वही परत फेकली. "घरी जा. पोरांनी सुट्टीत खेळावं. आमच्या बर्फाला नावं ठेवलीत तर तुमच्या घरी येईन."

फाटकाबाहेर दुभाष्या चार भाषांत बडबडला. त्यातलं एकही वाक्य इथे लिहिण्यासारखं नाही.

"पान गेलं, पुरावा गेला," वहीवाला म्हणाला.

"कागद कशाला हवाय?" नाकाडी म्हणाली. "ते नजरेने ओळखतात ना? मग ओळखू देत."

नाकाडीने अध्यक्षांना गाठून गळ घातली आणि बुधवारी दुपारी पायऱ्यांवर समिती बसली. अध्यक्ष, डॉक्टरबाई, चारही आळ्यांतली माणसं, आणि बोलावणं गेल्यामुळे मॅनेजरही. मावशी टोपली उपडी घालून तिच्यावर बसली होती. मधोमध गोणपाटावर बर्फाच्या दोन लाद्या होत्या. एक सरबतवाल्या काकांनी सकाळी खायची म्हणून आणलेली, दुसरी मावशीने मासळीसाठी.

नाकाडी उभी राहिली. "अध्यक्षकाका, मॅनेजरकाका म्हणाले की त्यांना नजरेने लादी ओळखता येते. त्यांनी खायची लादी दाखवावी. काका त्याच बर्फाचं सरबत करून देतील."

"त्यात काय," मॅनेजर म्हणाले आणि पुढे झाले. त्यांनी डावी लादी पाहिली. उजवी पाहिली. बोटाने टकटक केली. पुन्हा डावी पाहिली. दोन्ही सारख्याच पांढऱ्या, जुळ्या बहिणींसारख्या.

"ही," ते शेवटी म्हणाले.

काकांनी तिचाच बर्फ फोडला, लिंबू पिळलं आणि पेला त्यांच्या हातात दिला. सगळे पाहत राहिले. पेला ओठांपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. मॅनेजरच्या कपाळावर घाम आला होता.

"मला जरा सर्दी आहे," ते म्हणाले.

"चमचाभर घ्या," डॉक्टरबाई म्हणाल्या. "औषध मी देईन."

"नको. म्हणजे, रविवारी एखादी लादी इकडची तिकडे झाली असेल, आता..." आणि आपण काय बोलून गेलो हे कळून त्यांनी पेला खाली ठेवला. स्वतःच्या कारखान्याचा बर्फ मालकाच्या माणसालाच गिळवेना, यापुढे आणखी पुरावा कसला हवा होता?

उन्हात पेल्यातला बर्फ वितळत गेला आणि तळाशी काळी माती बसू लागली. पहिल्या रांगेतल्या लोणचेवाल्या आजोबांनी ती पाहिली आणि तोंडावर पंचा दाबला. "एकाच हौदातलं गटार आपण चारी आळ्यांनी प्यालो," ते म्हणाले, "आणि दोष हिच्या तव्याला दिला."

अध्यक्षांनी नोटीस मागवून घेतली. पण नाकाडी अजून बसली नव्हती.

"साक्ष माझी होती," ती म्हणाली. "मला मासळीचा वास आवडत नाही, एवढंच मला सांगायला हवं होतं. न आवडणं वेगळं आणि सडलेलं असणं वेगळं. मावशी, मला माफ करा."

अध्यक्ष खाकरले. "विचारणाऱ्यानेही दुसरा प्रश्न विचारायला हवा होता. पोरांनो, एकतीस घरं फिरून जे काम तुम्ही केलंत, ते आमचं होतं. शाबास." त्यांनी सगळ्यांदेखत नोटीस फाडली आणि कारखान्याला त्याच दिवसापासून रंग टाकायची ताकीद दिली. डॉक्टरबाईंनी वहीवाल्याची वही चाळली आणि आपल्या दवाखान्याच्या कपाटात ठेवायला मागितली. त्याने ती दिली, पण आधी नवी वही कबूल करून घेतली.

शनिवारी तिघं बेटावर निघाले. मावशी पायरीवर निळ्या बर्फात मासळी लावत होती. नाकाडीने आईने दिलेले दोन पाव तिच्यापुढे ठेवले. मावशीने पदर नाकाला लावला, मग हसून तो खाली घेतला आणि पाव ठेवून घेतले.

"ये इकडे," ती म्हणाली आणि तिने नाकाडीचं नाक चिमटीत धरून जोरात हलवलं. "जप हो याला. गुणाचं आहे, पण याच्या मागे डोकं चालव."

होडीत बसल्यावर दुभाष्या तिच्याकडे पाहून हसत सुटला. नाकाडीच्या नाकावर दोन्ही बाजूंना निळे ठसे उठले होते, आणि त्यांना मासळीचा वास येत होता.

"धुऊन टाक," वहीवाला म्हणाला. "पाणी आहे की एवढं."

नाकाडीने पाण्याकडे पाहिलं, मग वल्हं उचललं. "घरी गेल्यावर बघू," ती म्हणाली.