वाखगल्लीतले सत्तेचाळिसावे दुकान

नगरप्रयोगशाळेत डॉ. नीलाक्षी हेर्लेकर यांनी मिरजेच्या वाखगल्लीचे एक वर्ष पाऊण तासात संपवले.

संगणकात त्या गल्लीची हुबेहूब 'प्रतिगल्ली' उभी होती. सत्तेचाळीस दुकानदार आणि नेहमीची सहा हजार गिऱ्हाइके, प्रत्येकाच्या दोन वर्षे टिपलेल्या सवयींवरून घडवलेला एकेक 'प्रतिजन'. तिच्यातून फक्त वाहने काढली आणि वर्ष पुढे पळवले.

"सेहेचाळीस दुकानांचा धंदा वाढला," सहकारी तुषार कोरे म्हणाला. "एक बंद. शेटेअण्णांचं. अकराव्या महिन्यात."

नीलाक्षीने कपाळाला हात लावला. दोरखंडाचे व्यापारी गुरुलिंग शेटे यांचाच तेवढा वाहनबंदीला विरोध होता. सगळ्यांच्या सह्या झाल्याशिवाय पालिका पुढे जाणार नव्हती, आणि अण्णा निकाल बघायला वाटेतच होते.

"टेम्पो आत येणार नाही म्हणून?"

"छे. भेंडोळी हातगाडीवरून मजेत जातायत. गिऱ्हाईक येतंय. अण्णाच जागेवर नसतात."

गल्लीत हे कुणी खरे मानले नसते. एकेचाळीस वर्षे अण्णा गादीवरून हलले नव्हते. डबा तिथेच, दुपारची डुलकीही तिथेच. लोक याला धंद्यावरची निष्ठा म्हणत, आणि अण्णा ते खोडून काढत नसत.

"मी जागेवर नसतो, मग असतो कुठं?" अण्णांनी आल्या आल्या विचारले.

तुषारने पडद्यावरचे दृश्य फिरवले. बारा पावलांवर, समोरच्या अत्तराच्या दुकानात, बाकड्यावर दोन म्हातारे बसले होते. एक काहीतरी सांगत होता, दुसरा मांडीवर थाप मारून हसत होता.

पहिला अण्णांचा प्रतिजन, आणि दुसरा हारुण अत्तार, अण्णांचा शाळेपासूनचा दोस्त. गादीवर बसायला लागल्यावर पहिल्याच वर्षी मधल्या रस्त्यावर रिक्षाने अण्णांचा पाय मोडला होता. तेव्हापासून दोघे आपापल्या गादीवरून, एकमेकांकडे बघत, फोनवर बोलत. हॉर्नमुळे निम्मे ऐकू येत नसे.

"तुम्हाला गादीवर गाड्यांनी बसवलं होतं, अण्णा," नीलाक्षी म्हणाली. "गाड्या गेल्या, तुम्ही उठलात."

अण्णांनी पडदा नीट न्याहाळला. "दुकान बुडणार, हे त्या पडद्यातल्या गुरुलिंगला ठाऊक होतं?"

"नाही."

"मला आता ठाऊक झालंय. तेवढं त्याच्या कानावर घाला आणि परत पळवा. मी सावध माणूस आहे, मॅडम."

मुद्दा बिनतोड होता. अस्सल माणसाला जे कळले, ते नकलेलाही कळायला हवे. पुन्हा पाऊण तास गेला. तेवढ्यात अण्णांचे दोन चहा झाले, आणि खिडकीच्या पडद्याची नायलॉनची दोरी कशी भिकार आहे, हेही सांगून झाले.

"या वेळी दुकान बुडालं नाही," तुषार म्हणाला. "तुम्हीच बंद केलंत. दुसऱ्या महिन्यात, सगळा माल चांगल्या भावानं विकून."

अण्णांनी चहाचा कप बाजूला सारला.

"दुकान बंद करा, माझी पोरगी पाच वर्षं हेच सांगतीय," ते म्हणाले आणि संमतिपत्र ओढून त्यांनी सही केली. मग आवाज खाली आणला. "हारुणला मात्र यातलं काही दाखवू नका."

"का?"

"मला कळलं, तर मी नऊ महिने आधीच कुलूप लावलं. तो माझ्याहून उतावळा. दोघांचीही दुकानं बंद झाल्यावर बसायचं कुठं?"