डोंगराची रुसलेली बायको

दारातून आत शिरताच तिच्या चष्म्यावर वाफ धरली आणि ती थेट बेकरीवाल्याच्या अंगावर आदळली. बाहेर बर्फ नुसता ओतत होता, आत बेकरीची भट्टी ढणढणत होती. त्याच्या हातातले पाव वाचले, तिचा कोट मात्र पिठाने पांढराफटक झाला.

ती लोककथा गोळा करत हिंडणारी. या डोंगराची काही गोष्ट आहे का, असं तिने विचारलं. नसेल तर दुपारच्या बसने ती परत जाणार होती. बेकरीवाल्याने हात झटकले, तिच्याकडे पाहिलं... आणि सांगायलाच लागला.

डोंगराची बायको म्हणे दर हिवाळ्यात रुसून माहेरी जाते. हा पांढरी चादर पांघरून मुसमुसत पडतो, आणि त्याला हुंदका आवरला नाही की वरून बर्फाचा कडा कोसळतो. ती भान हरपून ऐकत राहिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. मग रोजच. गोष्टी काही संपेनात, आणि पाव देता-घेता बोटाला बोट लागलं की दोघंही उगाचच भट्टीकडे बघत.

गोष्टी विद्यापीठातल्या तिच्या सरांकडे पाठवून झाल्यावर, खातरजमा म्हणून ती त्याच्या आत्याकडे गेली. ऐकता ऐकता आत्याची विणकामाची सुई थबकली.

"असलं काही मी जन्मात ऐकलेलं नाही," आत्या म्हणाली.

तिच्या पायाखालची जमीनच सरकली. सगळी मेहनत पाण्यात. त्याहून वाईट म्हणजे, त्याने आपल्याला वेड्यात काढलं. ती उठली, तसा आत्याने तिचा हात धरला.

"थांब पोरी. हे सगळं तो बोलला? स्वतःच्या तोंडाने? अगं, अख्खं गाव त्याला घुम्या म्हणतं. सख्ख्या बापाशी कधी धड दोन वाक्यं बोलला नाही तो."

जास्त धक्का कुणाला बसला होता, सांगणं कठीण.

ती तरातरा बेकरीत आली. खोटं का सांगितलंत, असं तिने मैदा मळणाऱ्या त्याला तोंडावरच विचारलं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"गोष्ट नसती तर... तुम्ही गेला असता."

"मग खरं काय आहे?"

"खरं—" त्याने हात पिठातून काढले, पुन्हा आत घातले. "खरं एवढंच, की तू जाऊ नयेस."

तू... आत्तापर्यंत तो तिला 'तुम्ही' म्हणत होता. भांडायला म्हणून आली होती, आणि आता भांडणाचा एक शब्द आठवेना. रस्त्यावर बसचा भोंगा वाजला. त्याने दाराकडे पाहिलं, मग तिच्याकडे. बोलायला तोंड उघडलं.

"आता काही बोलू नकोस," ती मफलर सोडत म्हणाली. "सरांना काय सांगायचं ते मी बघते. बस सुटू दे."