झाडलेला कोट

ऐका. पण मधे कुणी खोकायचं नाही, आधीच सांगून ठेवतो. खोटं वाटलं तर माझ्या साडूला विचारा; त्या डॉक्टरांची गाडी तोच चालवायचा.

डॉक्टर छातीच्या कॅन्सरचे. सिमेंटच्या पत्र्यांच्या कारखान्यातली धूळ फुप्फुसावरच्या पडद्यात रुतते आणि माणसाला आतून खाते, त्या रोगात तर त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. बुधवारी कोर्टाची तारीख होती, म्हणून मंगळवारी संध्याकाळी त्यांनी लाँड्रीपाशी गाडी थांबवली. कोर्टात घालायचा काळा कोट न्यायचा होता.

लाँड्रीवाला साडूला म्हणाला, "इस्त्री माझी, पण झाडला एका बाईनं. म्हणाली, साहेबांचा कोट मीच झाडणार."

"साहेब, नवी चाहती मिळाली की!" साडू गाडीत बसत म्हणाला.

डॉक्टर हसले नाहीत. "बाई... खोकत होती?"

साडूला मागची तारीख आठवली. कारखान्यातल्या एका कामगाराची बायको. नवऱ्याचे धुळीनं पांढरेफटक झालेले कपडे रोज मागच्या दारी झाडायची. त्या धुळीनंच गेली. नवरा दाद मागायला उभा राहिला. औषधं याच डॉक्टरांची होती, त्यांना सगळं ठाऊक होतं. तरी कारखान्याच्या बाजूनं शपथेवर म्हणाले, "बाई कारखान्याच्या दारातसुद्धा गेली नव्हती. मग कारखान्याचा संबंध काय?" नवरा हात हलवत घरी गेला. उद्या अशाच गेलेल्या दुसऱ्या एका बाईच्या वेळी हेच बोलायचं होतं.

साडू डॉक्टरांच्याच घरी खालच्या खोलीत झोपायचा; रात्री पावणेदोन वाजता त्याला जाग आली. वर गच्चीत आवाज.

फट्...

फट्...

तो वर गेला. डॉक्टर गच्चीच्या दारात, आतल्या बाजूला. समोर कोट. हवेत. वर जातोय, खाली आपटतोय. धरणारं कुणी नाही. बल्बखाली नुसती पांढरी धूळ...

"बाई, पुरे. उद्या खरं सांगतो."

"उद्या?" अंधारातून आवाज आला. थकलेला, मऊ. "आणि माझ्या वेळी?"

फट्...

"माझ्या घरात शिरायचं नाही!"

"मी कुठे शिरले, साहेब? दारातसुद्धा आले नाही."

डॉक्टरांनी तोंड दाबलं. पण श्वास... श्वास तर घ्यावाच लागतो.

सकाळी कोर्टात एवढंच बोलले, "कपड्यांवरच्या धुळीनंच गेली ती." पुढे नुसता खोकला. त्या दुसऱ्या बाईच्या नवऱ्याला न्याय मिळाला.

हा रोग अंगात मुरायला तीस-चाळीस वर्षं लागतात. डॉक्टरांचा एक्स-रे बघून त्यांच्या हाताखालचा डॉक्टर चक्रावला. "सर, कारखान्यात कधी होतात तुम्ही?"

"दारातसुद्धा... गेलो नाही."

"मग संबंध काय?"

डॉक्टर वर्षाच्या आत गेले.

घर बंद करायच्या आधी साडूनं गच्ची घासून धुतली. तासाभरानं गच्चीच्या दाराला कुलूप लावायला वर गेला, तर फरशी पुन्हा पांढरी. भिंतीपासून भिंतीपर्यंत. फक्त दोन जागा कोऱ्या. बाईच्या पावलांएवढ्या.

उंबऱ्याच्या बाहेर... दाराकडे तोंड करून.