बिनमिठाचं ताट

कुणीतरी सांगायला हवं होतं. दोनशे माणसांचा तो हायकिंगचा ग्रुप. सकाळी उठल्यापासून फुलांचे फोटो, वाढदिवसाचे केक, कुठल्या दुकानात हापूस आला त्याची खबर. त्यात एक ओळ टाकायला कुणालाच वेळ मिळू नये? ज्याच्या हातात हात देऊन तुम्ही ओढे ओलांडता, त्याचं पूर्ण नावही तुमच्यातल्या एकाला ठाऊक नसावं?

ती ओळ कुणी टाकली नाही, म्हणून शनिवारी दिवेलागणीला नेत्रा पेढ्यांचा डबा घेऊन निघाली.

नेत्रा नागपूरची. टेक्सासमधल्या अर्विंगमध्ये चार वर्षं नोकरी करून सोमवारी जर्सी सिटीला चालली होती. फ्लॅट रिकामा करून दोन दिवस ओळखीच्या सुमित्राकाकूंकडे उतरली होती. सगळी कामं उरकली होती, एकच उरलं होतं. लोकबहादुर कार्कीची माफी मागायची होती.

वीस वर्षं नेपाळात लोकांना हिमालय दाखवून तो टेक्सासला आला होता. आठवडाभर किराणा दुकानात तांदळाची पोती उचलायचा आणि सुटीला या मराठी ग्रुपला डोंगरात न्यायचा. त्यांच्यात राहून मोडकं मराठीही शिकला होता. इतर गाइड पुढे चालतात, हा सर्वांत शेवटी. मधूनच काठी दोनदा आपटायचा, टक टक, आणि म्हणायचा, "पीछे हूँ." ते ऐकलं की दमलेल्या माणसाच्याही पायात बळ यायचं.

मार्चमध्ये ग्वादालूपच्या डोंगरात शिखर वीस मिनिटांवर असताना त्यानं सगळ्यांना परत फिरवलं. आभाळ निळंशार होतं. नेत्रानं सर्वांसमोर त्याला घाबरट म्हटलं. तो डोकी मोजून उतरायला लागला. तासाभरात त्याच धारेवर वीज कोसळताना सगळ्यांनी खालून पाहिली. तरी नेत्राच्या तोंडून 'सॉरी' निघालं नाही. उलट ती जाणार हे कळल्यावर त्यानंच बोलावलं. "बहिनी, जेवून जायचं. आमच्याकडे उपाशी माणसाला निरोप देत नाहीत."

बहिनी म्हणजे धाकटी बहीण, दाजू म्हणजे थोरला भाऊ. पहिल्यांदा तिला 'वहिनी' ऐकू आलं होतं. "अहो दाजू, माझं लग्न तर होऊ द्या," ती म्हणाली होती आणि तो किती तरी वेळ हसत होता.

दोनदा तिनं ते जेवण कॅन्सल केलं. 'आज नक्की' या मेसेजला उत्तर आलं नव्हतं, पण तो मेसेजला उत्तर देणाऱ्यातला नव्हताच.

दाराबाहेर त्याची काठी टेकवलेली होती. दार अर्धवट उघडं. आत दिवे लावलेले नव्हते, कोपऱ्यात जमिनीवर फक्त एक समई. तुपाचा, धुपाचा वास, आणि त्यामागे ओल्या दगडाचा. बाहेर तर महिनाभर पावसाचा थेंब नव्हता.

"आलीस," तो म्हणाला. डोक्यावर नेहमीची लोकरीची टोपी.

"भाभी कुठंय?"

"आत. रडून… थकून झोपली आहे."

चटईवर एकच ताट होतं. भात, काळी डाळ, वाळवलेल्या पाल्याचं आंबूस गुंद्रुक, दह्याची वाटी, उकडलेलं अंडं. प्रवासाला निघणाऱ्याला शकुनाचं म्हणून दही आणि अंडं देतात, त्यानं सांगितलं. तो स्वतः जेवला नाही. तिच्या आणि दाराच्या मध्ये बसून राहिला.

पहिल्याच घासाला ती थबकली. "दाजू, मीठ राहिलं."

"आज या घरात मीठ नाही, बहिनी."

निरोपाची रीत असेल, असं तिला वाटलं. ती मुकाट्यानं जेवली. मग एका दमात म्हणाली, "त्या दिवशी मी तुम्हाला घाबरट म्हटलं. चुकलं माझं. तुमच्यामुळे आम्ही जिवंत आहोत."

तो हसला. "डोंगरावर भांडणारा माणूस चांगला. आवाज येत असतो त्याचा. गप्प होतो ना, त्याला मी शोधत जातो."

नेत्राच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढ्या मोठ्या माणसाला या शहरानं पोती उचलायला लावली, तिच्या मनात आलं.

त्यानं दह्यात कालवलेले तांदूळ तिच्या कपाळाला लावले. बोट बर्फासारखं होतं.

"येते, दाजू."

त्याचा चेहरा उतरला. वीज पडली तेव्हाही तिनं तो असा पाहिला नव्हता.

"जाते म्हण. आज… जाते म्हण."

"आमच्यात जाते म्हणत नाहीत," ती हसून म्हणाली. "येते."

तो दारापासून बाजूला झाला. मग हळूच म्हणाला, "ठीक आहे. पीछे हूँ."

गाडीपाशी गेल्यावर लक्षात आलं, फोन चटईवरच राहिला. ती परतली. आता दार बंद होतं. दुसऱ्या बेलला पांढऱ्या साडीतल्या एका बाईनं उघडलं. हातांत बांगड्या नाहीत, कपाळ मोकळं. त्याची बायको.

"दाजूंकडे फोन राहिला…"

बाई तिच्याकडे बघत राहिली. मग हिंदीत, एकेक शब्द जोडत म्हणाली, "ते जाऊन अकरा दिवस झाले. दुकानातून आले, झोपले… उठलेच नाहीत."

चटईवर फोन होता. शेजारी रिकामं ताट आणि अंड्याचं टरफल.

"तेरा दिवस आम्ही मीठ खात नाही," बाई पुटपुटली. मग तिनं टरफलाकडे बोट दाखवलं. "पण अंडं… सुतकात अंडं या घरात कुणी आणलं?"

नेत्रा फोन उचलून बाहेर आली. काठी जागेवर नव्हती.

गाडी चालवताना तिला आईचा चिमटा आठवला. लहानपणी कुणाच्या मयताला गेलं की आई दंडाला चिमटा काढायची. अशा घरून निघताना 'येते' म्हणायचं नाही गं, नुसतं उठायचं आणि चालू लागायचं. आणि आज ती दोनदा म्हणाली होती, हसून.

सुमित्राकाकूंचा जिना चढताना तिनं मागे पाहिलं नाही. पहिल्या वळणावर टक टक. दुसऱ्या वळणावर टक टक, एक पायरी खाली, जितकं अंतर तो नेहमी ठेवायचा तितकंच. त्या आवाजानं तिच्या पायांत बळ येत होतं, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

काकूंनी दार उघडलं. नेत्राच्या कपाळावरचा टिळा पाहिला, मग तिच्या खांद्यावरून मागे पाहून पदर सावरला.

"अगं, पाहुण्यांना जिन्यात काय उभं केलंस? आत बोलाव. काठी बाहेर ठेवली तरी चालेल म्हणावं."