उसनी ऊब

माझ्या हातात येणारे पाय थंडगार असतात. रक्तवाहिन्या तुंबून काळेनिळे पडलेले, बोटांवर न भरणाऱ्या जखमा. हॉस्पिटलातली माणसं मला ‘पायवाल्या बाई’ म्हणतात. माझे हातही बर्फासारखे, त्यामुळे पेशंट दचकतात. मग मी म्हणते, "घाबरू नका, हात मशीनचे नाहीत, माझेच आहेत." एवढाच माझा विनोद, तोच रोज चालवते.

काम सोपं आहे. पायाच्या वरच्या बाजूला, अंगठ्याच्या मागे, बटणाएवढी चकती चिकटवायची. ती कातडी तापवते आणि तिथवर प्राणवायू किती पोचतोय ते पडद्यावर दाखवते. तो आकडा डॉक्टरांच्या संगणकात जातो. ज्या पायांवर ऑपरेशन करता येत नाही, त्यांच्या पोटरीत पेशंटच्याच कमरेच्या हाडातून काढलेल्या पेशी टोचतात. जमलं तर नव्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात. पण सगळ्यांना गुण येत नाही. कोणाला येईल याचा अंदाज संगणक आधीच बांधतो, आणि ज्याला येणार नाही त्याचा पाय बहुधा कापावा लागतो.

त्या दिवशी या उपचारासाठी जागा एकच उरली होती आणि पेशंट दोन. एक शिंपीकाका, दुसरा माझा दादा.

शिंपीकाका भारी गप्पिष्ट. "बाई, पाय गेला तर शिलाई मशीनचं पायडल कोण मारणार? जीभ तयार आहे हो, पण तिचं वजन पडत नाही." मला हसू आवरेना. त्यांचा आकडा बरा आला, गुण यावा इतका बरा.

मग दादा आडवा झाला. वडील गेल्यावर ट्रक चालवून त्यानंच मला शिकवलं, आणि सिगारेटी फुंकून फुंकून स्वतःच्या पायाची वाट लावून घेतली. चकती तापली. आकडा वर सरकेचना.

छताकडे बघत दादा म्हणाला, "काय गं, लागला का निकाल?"

"थांब जरा," म्हणत मी चकती काढली आणि घोट्याच्या वर चिकटवली. तिथे रक्त अजून पोचत होतं. आकडा चढत गेला, काकांच्याही पुढे गेला. मी तोच पाठवला.

कोणाला पत्ताही लागला नाही. काकांचा डावा पाय मांडीतून गेला. दादाच्या डाव्या पोटरीत पेशी टोचल्या.

आणि दादाला गुण आला! येऊच नये असा गुण आला. जखम भरली, नखं गुलाबी झाली, पाऊल कोमट लागायला लागलं. डॉक्टर खूश. "बघा बाई, आपला अंदाज शंभर नंबरी!" मी मान डोलावली. मला लाज वाटत होती, आणि दादाला चालताना पाहून आनंदही होत होता. त्या आनंदाची जास्त लाज वाटायची.

एकदा जेवताना टेबलाखाली दादाचा पाय हलताना दिसला. टाच, चवडा, टाच, चवडा. मध्ये जरासा थांबायचा, मग पुन्हा सुरू.

"पाय काय हलवतोयस? आई असती तर धपाटा घातला असता."

"मी कुठे हलवतोय?" त्यानं वाकून पाहिलं. पाय चालूच होता. दादाच्या हातातला घास ताटात पडला.

मी त्याच्या गुडघ्यावर हात दाबून धरला, तेव्हा पाय थांबला. "नवं रक्त आहे, उड्या मारतंय," मी म्हणाले. काय बोलतेय ते माझं मलाच पटत नव्हतं.

"बरा झालाय गं," दादा हळूच म्हणाला. "पण माझा वाटत नाही."

मग ते रोजचंच झालं. जेवायला बसलो की पाय सुरू, मी हात ठेवला की बंद. त्यावर आम्ही बोलणं सोडून दिलं.

पुढच्या तपासणीला शिंपीकाका कुबड्यांवर आले. विजारीचा रिकामा पाय दुमडून, बारीक टाके घालून त्यांनी नीट शिवला होता.

"पाय आहे हो अजून," ते म्हणाले.

"बऱ्याच जणांना तसं वाटतं, काका. मेंदूची सवय असते."

"असेल. पण माझा तर गार पडला होता ना? आता ऊबदार लागतो."

मी त्यांना बाहेर बाकावर बसवलं. आत दादा वाट बघत होता. मी चकती चिकटवली, या वेळी बरोबर जागी. आकडा उत्तम आला. माझ्या तरुणपणीच्या पायालाही आला नसता.

दाराबाहेरून काका म्हणाले, "आहाहा. शेक बरा लागतो."

मी संवेदना तपासायची सुई घेतली आणि दादाच्या करंगळीला टोचली.

"टोच की," दादा म्हणाला.

मी पुन्हा टोचली. जरा जोरात.

"अगं, टोचतेस की नाही?"

बाहेरून आवाज आला. "हळू, बाई."

मी सुई खाली ठेवली. बाहेर गेले. काकांसमोर उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. चकती कुठे लावली, जागा कोणाची होती, सगळं.

काका रागावले नाहीत. शिवलेल्या विजारीवरून बोट फिरवत राहिले.

"काका, माझ्यामुळे गेला तुमचा पाय."

"मशीनवर बसतो मी अजून. सगळी जेवायला बसली, घर शांत झालं की." त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. "फार गार हात आहेत तुमचे. जेवताना गुडघ्यावर हात ठेवता ना, तेवढा ठेवू नका. शिवण अर्धी राहते."

आज जेवताना दादाचा पाय हलायला लागला. तो माझ्याकडे बघत राहिला.

मी हात माझ्याच मांडीवर ठेवले.