खिडकीतली सवत

एकादशीचा उपास आहे आज, खोटं लिहिणार नाही.

माझ्या सासूबाईंच्या मावशी वेंकटलक्ष्मी, त्यांच्यावर गुदरलेली ही गोष्ट. राणीच्या राज्यातली. कुंभकोणम्. कार्तिकातली तिन्हीसांज.

वेंकटलक्ष्मी दुसरेपणावर दिलेली. पहिली, गोदा, वारली होती. पण घरात जिकडे तिकडे तीच! हंडा उचलावा, काठावर कोरलेलं 'गोदा'. कळशी घ्यावी... 'गोदा'.

यजमान वादिराज, कोर्टात कारकून. साहेबाच्या बंगल्यात असते तशी वर सरकणारी खिडकी त्यांना हवी होती.

"चौकट आतून पोकळ, अम्मा," मणी सुतार सांगत होता. "कप्पीवरून दोरी. एका टोकाला काचेचं तावदान, दुसऱ्याला आत लपलेलं वजन. तोलाला तोल. सोडाल तिथं थांबेल. पण बिडाची वजनं मद्रासेहून यायला हवीत."

"पितळेची चालतील?"

"जवळच स्वामीमलैला ओतारी आहेत, ओतून देतील की."

तिनं गोदेची सगळी भांडी पुढ्यात ठेवली.

"नाव कुणाचं? गेलेल्या सवाशिणीचं असेल तर ओतारी हात लावायचे नाहीत."

"माझंच."

खिडकी बसली. सवत भिंतीत गेली. वेंकटलक्ष्मीला घर आपलं वाटलं.

त्या तिन्हीसांजेला ती दिवा लावत होती.

ठक्...

चौकटीच्या आत.

कप्पी कुरकुरली... आणि मिटलेलं तावदान आपोआप वर गेलं.

गल्लीच्या टोकाला वादिराज दिसले.

मग रोज तेच. ते यायच्या वेळेला खिडकी उघडायची.

"वाट बघत होतीस होय?" ते हसायचे.

ती हो म्हणायची. आतून जळायची.

मणीनं फळी काढून वजनं तोलली. "तोल बरोबर आहे, अम्मा."

शेवटी तिनं कोयत्यानं दोऱ्याच कापल्या. वजनं आत धप्पकन पडली. तावदान खाली आदळलं.

"आता बघ वाट!"

तिन्हीसांज झाली.

आवाज नाही. कप्पी हलली नाही...

बिनदोरीचं तावदान वर गेलं. तिथंच थांबलं.

वादिराज आले. वेंकटलक्ष्मी दारात उभी होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. खिडकीकडे बघून लाडानं म्हणाले,

"आलो गं, गोदे."

विचारलं तर म्हणाले, "मी? मी कुठं काय बोललो?"

मी सून होऊन आले तेव्हा मावशी पार थकल्या होत्या. वादिराज जाऊन बरीच वर्षं झाली होती. तरी रोज तिन्हीसांजेला त्या त्याच खिडकीशी बसायच्या... तावदान दोन्ही हातांनी खाली दाबून.

"मावशी, सोडा की आता," मी एकदा म्हटलं.

"नक्को. तू नवी आहेस, तुला कळायचं नाही."

त्यांचे हात थरथरत होते. वयानं, असं सगळे म्हणायचे.

मी जवळून पाहिलंय. काच वर ढकलली जात होती.